पोरगं टीव्हीवर दिसलं, पुढं काय?

मे महिना लागला की आमच्याकडं बेळगावात, टिळकवाडीत पोरांचं नाट्यशिबिर असतंय, पंधरा दिवसांचं, आणि शेवटच्या दिवशी नाटुकलं झालं की दोन-तीन पालक मला हमखास बाजूला घेतात. यंदा खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ होते. म्हणाले, "सर, पोरगी लई बोलकी हाय, सिरियलमधे घालूया म्हणूलालोय, कुणाचा नंबर हाय काय?" मी नंबर दिला नाही म्हणून ते जरा नाराज झाले, खरं जे पायरीवर उभं राहून पाच मिनिटांत सांगता येईना ते इथं निवांत लिहितोय. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', पुण्या-मुंबईच्या लोकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी एक गोष्ट सांगतो, नाव-गाव बदलून. वडगाव-शहापूर भागातली एक पोरगी, नऊ वर्षांची, घरात दोन पॉवरलूम, बाप साड्या विणणारा. शाळेच्या गॅदरिंगमधला तिचा व्हिडिओ फिरत फिरत कुठल्या तरी को-ऑर्डिनेटरकडं गेला, ऑडिशन झाली, लूक टेस्ट झाली आणि एका मराठी मालिकेत हिरोईनच्या लहानपणीचं काम मिळालं. शूटिंग कोल्हापूरकडं. बेळगावहून शंभर-एकशेदहा किलोमीटर, म्हणजे सकाळी सातचा कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) असेल तर पहाटे चारला उठून गाडीत झोपायचं. आई धाकट्याला सोडून जाऊ शकत नव्हती म्हणून बाप बरोबर जायला लागला, आणि बाप तिकडं म्हटल्यावर माग बंद. टीव्हीचं पेमेंट काही दुसऱ्या दिवशी हातात येत नाही, तीन-तीन महिने मागं चालतंय, मग मधल्या काळात सोसायटीचं कर्ज. सहा महिन्यांत अशी वेळ आली की घर त्या पोरीच्या पर डे वर, म्हणजे शूटिंगच्या दिवसाला मिळणाऱ्या पैशावर, चालायला लागलं, आणि हे घरात कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

अकराव्या महिन्यात सिरियलनं लीप घेतली. लीप म्हणजे गोष्ट एकदम दहा-बारा वर्षं पुढं जाते, लहान पोरं जातात आणि मोठी नटनट्या येतात. तिला कधी कळलं माहीत आहे? शूटिंगच्या आदल्या दिवशी, व्हॉट्सॲपवर, ते पण बापाच्या फोनवर.

आता लोक काय म्हणतात, की लहान वयात प्रसिद्धी डोक्यात जाते. पोरगं बिघडतं, उर्मट होतं. हे मला पटत नाही, म्हणजे डोक्यात जातेच काहींच्या, खरं तो मूळ प्रॉब्लेम नव्हे. या पोरीचं बघा, ती अजिबात उर्मट झाली नव्हती, उलट फारच शहाणी झाली होती. ताप असताना पण "मला बरं नाही" म्हणत नव्हती, कारण तिला कळलं होतं की आपण नाही गेलो तर पप्पांचा हप्ता चुकतोय. नऊ वर्षांच्या पोराला 'नको' म्हणायची सोयच राहत नाही, माझ्या मते सगळी गोम तिथं आहे.

आपल्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या माणसाला करार करता येत नाही, १८७२ चा करार कायदा, त्यामुळं पोराच्या कामाच्या कागदावर सही करतात आई-बाप. म्हणजे काम करणार पोरगं, वेळ, पैसा, अटी ठरवणार मोठी माणसं, आणि बऱ्याचदा तेच आई-बाप त्याचे मॅनेजर पण असतात. इतर कुठल्याही नोकरीत साहेब त्रास देतोय म्हटल्यावर माणूस घरी येऊन रडतो तरी. इथं घरीच साहेब बसलाय, पोरगं सांगणार कुणाला?

आणि हे काही इन्स्टाग्रामनं आणलेलं नाही. आपल्या भागाला तर ह्याचा जुना अनुभव आहे. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८४३ चा जन्म, आणि त्यांच्यानंतर ज्या नाटक कंपन्या कोल्हापूर-बेळगाव-हुबळी-धारवाड अशा फिरायच्या त्यांत गोड गळ्याची बारकी पोरं असायचीच. बायका स्टेजवर येत नव्हत्या, तेव्हा शारदा काय, शकुंतला काय, ही पोरंच उभी करायची. केशवराव भोसले, कोल्हापूरचे, पाटी-पेन्सिलीच्या वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले, शारदेचं काम करून गाजले, १९०८ साली हुबळीत ललितकलादर्श ही स्वतःची नाटक कंपनी काढली तेव्हा अठराचे पण नव्हते, आणि १९२१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी गेले सुद्धा. त्यांच्याबद्दल आपण अभिमानानं बोलतो ते बरोबरच आहे. खरं त्याच कंपन्यांत अशी किती पोरं असतील ज्यांचा तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटला आणि दुसऱ्या दिवशीपासून ती पंक्तीत वाढायला लागली, त्यांची नावं कुणाला ठाऊक? आवाज फुटणं म्हणजे त्या काळची लीपच की.

सिनेमात पण तेच. मास्टर विनायक १९४७ साली गेले आणि घर चालवायला त्यांची आठ-नऊ वर्षांची पोरगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, ती बेबी नंदा, पुढं मोठी हिरोईन झाली. मास्टर दीनानाथ १९४२ ला गेले तेव्हा लताबाई बारा-तेरा वर्षांच्या, गाण्याबरोबर सिनेमात छोटी कामं करायला लागल्या, आवड नसताना. ह्या गोष्टी आपण 'केवढा त्याग' म्हणून सांगतो, आणि त्याग होताच, फक्त त्या वयात त्यांना दुसरा पर्याय काय होता हे कोण विचारत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न पैशावरून कोर्टात गेला. जॅकी कूगन नावाचा पोरगा १९२१ मध्ये चॅप्लिनबरोबर पडद्यावर आला आणि जगभर गाजला, बालपणात त्यानं तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. मोठा झाल्यावर पैसे मागितले तर आई आणि सावत्र बापानं ते उडवलेले. १९३८ मध्ये त्यानं त्यांच्यावर दावा लावला आणि हातात आले साधारण सव्वा लाख. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, आता तिथं पोराच्या कमाईतले १५ टक्के सरळ बंद खात्यात जातात, आई-बापाला हात लावता येत नाही. त्याच काळात ज्युडी गारलँड ही नटी हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत होती, १६-१७ व्या वर्षी, तिला वजन कमी राहावं आणि तास न् तास शूटिंग व्हावं म्हणून गोळ्या, मग झोप लागावी म्हणून वेगळ्या गोळ्या. १९६९ मध्ये ४७ व्या वर्षी झोपेच्या गोळ्या जास्त होऊनच ती गेली.

आता मनाचं काय होतं ते. साधं उदाहरण घ्या. तुम्ही सहावीत असताना वर्गात काहीतरी येडेपणा केला असणार, चड्डीत केली असेल, भाषण विसरून रडला असाल. दहावीपर्यंत ते कुणाला आठवत नाही. लहानपण ह्याच्यासाठीच असतंय, चुकायचं, लोक विसरणार, परत वेगळं काहीतरी होऊन बघायचं. एक वर्ष क्रिकेटर, पुढच्या वर्षी पोलीस, मग काहीच नको. असं करत करत अठरा-वीसला आपण कोण हे जरासं कळायला लागतंय. एरिक एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हेच मांडलं की किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे स्वतःची ओळख शोधणं. प्रसिद्ध पोराला ही मुभा नाही, त्याची ओळख लाखो लोकांनी आधीच ठरवून टाकलेली असते आणि ती पण एका काल्पनिक पात्राची. आमच्या त्या पोरीला शाळेच्या बसमध्ये वर्षभर सिरियलमधल्या नावानंच हाक मारत होते, तिचं खरं नाव मास्तर पण विसरले होते म्हणे.

वर मेंदूची भानगड आहे. कौतुक, टाळ्या, लाइक हे ज्यानं गोड लागतं तो भाग किशोरवयात जोरात असतो आणि सावरून धरणारा, पुढचं बघणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. मोठ्या नटाचा सिनेमा पडला तर तो म्हणतो सिनेमा पडला. पोरगं म्हणतं मी पडलो. हा फरक लहान नाही. २००८ साली कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीला टीव्हीच्या रिॲलिटी शोमध्ये जजनी झापलं, त्यानंतर तिची वाचा गेली, हातपाय चालेनात, आणि तिला उपचारासाठी आपल्या बेंगळुरूच्या निम्हान्स हॉस्पिटलमध्ये आणावं लागलं. घरच्यांनी ह्याचा संबंध त्या अपमानाशी लावला. त्या वेळी देशभर दोन दिवस चर्चा झाली आणि मग नवीन सीझन सुरू झाला.

नावं घ्यायची तर अलीकडचीच घ्या. २०१६ च्या सैराटनंतर रिंकू राजगुरूला शाळेत जाणं अवघड झालं, आणि २०१७ मध्ये तिचे दहावीचे मार्क चॅनेलवर बातमी झाले. आपले दहावीचे मार्क शेजारच्या काकूंना सांगताना पण जीव जात होता, आणि इथं अख्ख्या महाराष्ट्रानं (आणि आम्ही पण, आमच्याकडं सैराटनं थिएटरं डोक्यावर घेतली होती) एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीची मार्कशीट वाचली. तिनं ते पेललं, कन्नड रिमेकमध्ये पण तिनंच काम केलं, पुढं काम करत राहिली. झायरा वसीम दंगलच्या वेळी सोळाची. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये तिनं आपल्याला डिप्रेशन असल्याचं उघड सांगितलं, २०१९ मध्ये सिनेमा सोडते म्हणून जाहीर केलं. सोडण्याची कारणं तिनं धर्माची सांगितली, त्यावर लोक तुटून पडले दोन्ही बाजूंनी. मला त्यात एवढंच दिसतं की एका अठरा वर्षांच्या मुलीला नोकरी सोडायची तर पूर्ण देशाला उत्तर द्यावं लागलं.

आमच्या इकडं रिक्षावर, पानपट्टीवर अप्पूचा फोटो दिसतो, मराठी पोरांच्या रिक्षावर पण. अप्पू म्हणजे कन्नड सिनेमाचा हिरो पुनीत राजकुमार. तान्हा असल्यापासून पडद्यावर, १९८५ च्या बेट्टद हूवु साठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि मग मधली कितीतरी वर्षं हिरो म्हणून आलाच नाही, आला तो एकदम २००२ मध्ये, २७ वर्षांचा होऊन. लोक म्हणतील बघा, लवकर प्रसिद्धी मिळून पण माणूस किती साधा राहिला. राहिलाच. खरं तो कन्नडचे सुपरस्टार डॉ. राजकुमारांचा मुलगा होता हो, घर त्याच्या पैशावर चालत नव्हतं, थांबायचं म्हटलं तर थांबता आलं. आता दुसरा बेंगळुरूचाच पोरगा, शफीक सय्यद, १९८८ च्या सलाम बॉम्बे सिनेमातला. रस्त्यावरून उचललेला, त्याला पण राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जगभर फोटो छापले, आणि नंतर काम मिळेना म्हणून बेंगळुरूला परत येऊन रिक्षा चालवायला लागला. रिक्षा चालवण्यात काही कमीपणा नाही. फक्त पुरस्कार तोच, शहर तेच, आणि पाठीमागं घर कसलं आहे ह्यावर दोन आयुष्यं किती लांब गेली बघा.

सीमाभागातल्या पोरांची एक वेगळी गंमत आहे, गंमत म्हणायची की त्रास ते ठरवा. घरात मराठी, शाळेत-बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, त्यामुळं आमची पोरं तिन्ही भाषांत पटापट बोलतात आणि ऑडिशनवाल्यांना ती आवडतात. सेटवर गेल्यावर मात्र पहिलं काय सांगतात? टोन काढ. 'करूलालोय' म्हणू नको, 'हाय' म्हणू नको, ते 'की' काढ. वर्षभरात पोरगं पुणेरी बोलायला लागतं, तिकडं त्याला बेळगावी म्हणून चिडवतात आणि इकडं परत आलं की दोस्त म्हणतात लई शाना झालास. भाषा शिकायला काही हरकत नाही, नटाला शिकावीच लागते. खरं आठ वर्षांच्या पोराला 'तुझं बोलणं चुकीचं आहे' असं सांगणं आणि 'ह्या पात्राचं बोलणं असं आहे' असं सांगणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत असलेला असिस्टंट पहिलंच सांगतो.

आता धोक्याची गोष्ट, जी पालक ऐकायला तयार नसतात. डेझी इराणी, १९५० च्या दशकातली देशातली सगळ्यात गाजलेली बालकलाकार. त्यांनी २०१८ मध्ये उघडपणे सांगितलं की सहा वर्षांच्या असताना, आऊटडोअर शूटिंगला बरोबर दिलेल्या माणसानंच त्यांच्यावर बलात्कार केला होता. साठ वर्षं लागली बोलायला. तेव्हा 'तिकडं एक ओळखीचे काका आहेत, ते बघतील' हे वाक्य डोक्यातून काढूनच टाका. आई, बाप, आजी, मावशी, कुणीतरी घरचं, आणि सेटवर पोरगं नजरेसमोर पाहिजे, व्हॅनिटी व्हॅनबाहेर मोबाईल बघत बसलेलं नव्हे. मेकअप, कपडे बदलणं, रिहर्सल, कुठंच पोरगं एकट्या मोठ्या माणसाबरोबर नको. ऑडिशनचे पैसे मागणारा, रजिस्ट्रेशन फी, पोर्टफोलिओ, 'रोल पक्का, फक्त पंधरा हजार भरा' असं म्हणणारा माणूस तिथंच सोडून द्यायचा. काम देणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही.

कायदा आहे काय? आहे की. बालकामगार कायदा १९८६ चा, २०१६ मध्ये बदलला, चौदा वर्षांखालच्या पोराला कामाला लावायला बंदी, खरं कलाकार म्हणून काम करायला सूट दिली आणि २०१७ च्या नियमांत त्याच्या अटी घातल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडता कामा नये. पाच पोरांमागं एक जबाबदार माणूस नेमलेला पाहिजे. पोराची स्वतःची मर्जी नसेल तर करायचंच नाही, हे पण लिहिलंय. आणि कमाईतले निदान २० टक्के पोराच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स्ड डिपॉझिट, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळणार.

परवानगी काढायची ती निर्मात्यानं, आणि ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडून. म्हणजे पोरगं बेळगावचं आणि सेट कोल्हापूरचा असेल तर आपल्या डीसी (म्हणजे जिल्हाधिकारी) ऑफिसात जाऊन काही उपयोग नाही, परवानगी कोल्हापूरची पाहिजे. सही करायच्या आधी 'परवानगीची कॉपी दाखवा' एवढं म्हटलं तरी समोरचा कसा आहे ते कळतंय. पालक म्हणतात असं विचारलं तर रोल जाईल. जाऊ दे. ज्याला हा कागद दाखवायला जड जातंय तो पाच तासांनी पोराला सोडणार आहे होय?

एक भोक मात्र लक्षात ठेवा. हे नियम आहेत 'बालका'साठी, म्हणजे चौदा पूर्ण होईपर्यंत. पंधरा-सोळाच्या पोराला कायदा किशोर म्हणतो, त्याला धोक्याच्या कामांना बंदी आहे खरी, खरं ही पाच तासांची आणि वीस टक्क्यांची अट त्याला तशी लागत नाही. म्हणजे मिसरूड फुटायचं वय, चेहऱ्यावर पुटकुळ्या, कॉमेंटमध्ये लोक दिसण्यावरून बोलणार, दहावी किंवा आमच्याकडं एसएसएलसी तोंडावर, सगळ्यात नाजूक वय, आणि तिथंच कुंपण संपतंय. त्या वयात करारात तास आणि पैसे आपणच लिहून घ्यायला पाहिजेत. इन्कम टॅक्सचं पण सांगतो, पोराच्या कलेतून आलेली कमाई बापाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ती पोराचीच धरतात, त्यामुळं पोराचं पॅन आणि वेगळं खातं पहिल्या चेकच्या आधीच काढून ठेवायचं. वीस टक्के ही कमीत कमी अट आहे, सगळे ठेवले तर कोण अडवतंय? माझा तर सरळ नियम आहे: पोराच्या पैशावर घराचा हप्ता ठेवायचा नाही, गाडी घ्यायची नाही, बापानं माग बंद करायचा नाही. ज्या दिवशी घर त्याच्यावर अवलंबून झालं त्या दिवशी त्याचा 'नको' संपला.

रील्सचं थोडक्यात. तेरा वर्षांखाली इन्स्टाग्रामला अकाउंट चालत नाही, म्हणून आई-बाप स्वतः काढतात आणि पोराला नाचवतात. इथं ना कॉल टाइम, ना पाच तास, ना एफडी, घरच सेट आणि आईच डायरेक्टर. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं जुलै २०२४ पासून अशा व्हिडिओच्या कमाईत पोराचा हिस्सा बाजूला ठेवायची सक्ती केली आहे. आमच्या गल्लीत एक पोरगा जेवायला बसला की आधी आईच्या फोनकडं बघतोय, लाइट चालू आहे काय म्हणून, ते बघून मला कसंतरी झालं.

झोप उडाली, जेवण सुटलं, शूटिंगच्या दिवशी पोटात दुखतंय आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, दोस्त नको झाले, सतत फोन उलटा-पालटा करून कॉमेंट वाचतंय, ही लक्षणं 'नखरे' म्हणून सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठी-कन्नड दोन्हीत बोलता येतं. पोराला कुणी त्रास देत असेल तर चाइल्डलाइन, १०९८.

त्या वडगावकडच्या पोरीचं विचाराल तर ती आता नववीला आहे. बापानं माग परत चालू केले, एक विकावा लागला. यंदा शिबिराला आली होती, मीच बोलावलं. नाटुकल्यात राणीचं काम मोकळं होतं, सगळी पोरं म्हणाली हिलाच द्या सर, ही टीव्हीवाली आहे. मी विचारलं, करतेस काय? तिनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "नको सर. मी पडदा ओढते." पडद्याची दोरी आमच्याकडं जरा अडकते, डावीकडची कप्पी जुनी झालीय, ती तिनं पहिल्याच दिवशी खोबरेल तेल आणून लावली.